वयाच्या मानानं

“दम्याचा पंप किती देता हिला?” डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि सारिका म्हणाली, “दोन पफ सकाळी, दोन संध्याकाळी.” ते तिच्या तोंडून इतकं बिनचूक बाहेर पडलं की क्षणभर तिचाच त्यावर विश्वास बसला. तिच्या अंगणवाडीत पर्यवेक्षिका बाई आल्या आणि त्यांनी वजनाचं रजिस्टर उघडायच्या आत काही विचारलं की उत्तर असंच बाहेर पडायचं. आधी उत्तर, मग आठवण. समोर तिच्या नवऱ्याच्या, कैलासच्या मांडीवर त्यांची लेक तेजल बसली होती. वीस महिन्यांची. तोंडावर हिरवट मास्क, त्यातून वाफ निघत होती, आणि मास्कखाली तिचं पोट आत ओढलं जात होतं, बरगड्यांच्या मधली कातडी आत जात होती, गळ्याखालची खळगी आत जात होती. नुसतं आत, आत. बाहेर काही येतच नव्हतं. पायाच्या अंगठ्याला लावलेल्या चिमट्याचा लाल दिवा पेटलेला होता आणि त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचा एकोणनव्वद हा आकडा होता. डॉक्टरबाईंनी सारिकाचं उत्तर कागदावर लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी सारिकाला दिसली, आणि आपण खोटं बोललो हे तिला तेव्हा, त्या आठीमुळे कळलं.

सकाळी सगळं नीट होतं. नीट म्हणजे, खोकला होता. पण तो दिवाळीपासून होताच. कैलासच्या बहिणीनं लोणावळ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, रविवार धरून बुद्धवंदना ठेवली होती, म्हणून सगळे परंदवडीहून लवकर निघाले होते. नव्या रंगाचा वास, पांढऱ्या साड्या, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचा एक अख्खा पुडा. त्रिशरण होईपर्यंत तेजल आजीच्या, सरूबाईंच्या मांडीवर टाळ्या वाजवत होती. पंचशील संपता संपता तिचा आवाज बसला. खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या तेव्हा ती खेळणं सोडून गप्प झाली, आणि हे गप्प होणं सारिकाला आधी शहाणपण वाटलं. किती गुणी आहे, असं कुणीतरी म्हणालंही. मग सरूबाईंनी हाक मारली, “सारके, हिचं प्वाट बघ गं कसं उडतंय.” पुढं रिक्षा, उतारावरचं ते दवाखान्याचं दार, नर्सनं हातातून मूल ओढून घेणं. निळा पंप, धाप लागल्यावर द्यायचा, पिशवीतच होता. तो तिनं रिक्षात दिलाही. पण तेजल मास्क ढकलत होती, रडत होती, रिक्षा खड्ड्यांतून चालली होती. दुसरा, तपकिरी टोपणाचा, रोजचा, घरी खिडकीत होता. त्याचीच चौकशी आता झाली होती.

एक. ती एक पफ देत होती. सकाळी एक, संध्याकाळी एक. श्रावणापासून. तळेगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात दोन लिहिले होते आणि कंपाउंडरनं प्लॅस्टिकची लांबट नळी आणि तिच्या तोंडाला बसवायचा मास्क दाखवून सगळं समजावलंही होतं. घरी आल्यावर तिनं तो पंप कैलासच्या पंपाशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच. तेच औषध, तोच आकडा. कैलास एमआयडीसीत लोखंड घासायच्या मशीनवर, त्याला दोन वर्षांपासून धाप लागायची, त्यालाही दोनच लिहिले होते. बहात्तर किलोच्या बापाला दोन आणि दहा किलोच्या लेकीलाही दोन? तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. उलटून पाहिली. डॉक्टर घाईत होते, बाहेर चाळीस माणसं बसली होती. चुकून लिहिलं असणार. आणि हे स्टेरॉइड आहे हे तिला माहीत होतं. मूल वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. कुणाला विचारावं? विचारायचं ते बाकीच्यांनी, तिला. अकरा वर्षं ती अंगणवाडीची बाई होती. गावातल्या बाया बाटली घेऊन यायच्या, बाई, हे किती द्यायचं? आणि ती सांगायची. जंताच्या गोळीच्या दिवशी दोन वर्षांच्या वरच्याला अख्खी, खालच्याला अर्धी, ती पण चुरून, पाण्यात. लहान त्याला अर्धं. हे तिच्या हातात बसलेलं होतं, जसं भाकरीचं पाणी हातात बसतं. एकदाच तो हात चुकला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी; गर्दीत तिनं दीड वर्षाच्या एका मुलीला अख्खी गोळी तशीच दिली होती. ती घशात अडकली, पोरगी निळी पडली, पालथी घालून पाठीवर मारल्यावर गोळी जमिनीवर पडली. काही झालं नाही. पोरगी आता शाळेत पहिली येते. पण तिच्या आईनं त्या वेळी सारिकाकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती नजर अजून कधीमधी, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, उगाच समोर यायची. तपकिरी टोपण उघडताना ती समोर आली. सारिकानं एकदा दाबलं आणि टोपण लावलं. मनात म्हणाली, वयाच्या मानानं पुरे.

डॉक्टरबाई बाहेर जाऊन परत आल्या. वयानं सारिकाएवढ्याच असतील, केस मागं आवळून बांधलेले, पायात साध्या चपला. त्यांच्या हातात छातीचा फोटो होता. तो उजेडाला धरून त्या म्हणाल्या, “फोटोत काही दिसत नाहीये. पण मला एक कळत नाही. चार महिने रोज दोन-दोन पफ नियमित चालू आहेत म्हणता. बरोबर?”

“व्हय,” कैलास म्हणाला. “ती कधी चुकत नाही मॅडम. अलार्म लावून देते.”

“तेच. एवढं नियमित देऊन एवढा मोठा अटॅक यायला नको. मग दुसरं कारण शोधावं लागतं.” त्यांनी फोटो खाली ठेवला. “या वयाची मुलं काहीही तोंडात घालतात. दाणा, मणी, खेळण्याचा तुकडा. श्वासनळीत गेलं तर हुबेहूब असंच दिसतं, आणि फोटोत दरवेळी दिसतंच असं नाही. अलीकडे काही खाताना ठसका लागला होता का? शेंगदाणा वगैरे?”

मग दाराशी उभ्या असलेल्या सरूबाईंनी पदर तोंडाशी नेला. “आज सकाळी,” त्या म्हणाल्या. “गाडीत. माज्याकडं भाजके शेंगदाणे व्हते. लय मागं लागली. म्या सोलून एक फाक दिली. लहान हाय म्हणून अर्धाच दिला, अख्खा न्हाई दिला.”

“आई!” कैलास म्हणाला. त्यानं आवाज चढवला नव्हता, मांडीवर मूल होतं. पण त्या एका शब्दात काय काय होतं. “शंभरदा सांगितलं तुला. दाणे देऊ नको, दाणे देऊ नको म्हणून. सारिकानं सांगितलं, मी सांगितलं.”

“ठसका न्हाई लागला रं. चावून खाल्ला तिनं.”

“तुला काय कळतंय लागला का नाही!”

सरूबाईंनी पदर तोंडावरून काढलाच नाही. नव्या घरासाठी नेसलेली पांढरी साडी, तिच्यावर खिरीचा एक थेंब वाळलेला. सारिका भिंतीला टेकून उभी होती. बोल, असं तिला आतून कुणीतरी म्हणत होतं. आणि ते आत म्हणत असतानाच तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. दाणाच असेल. दाणाच असू दे. एक शेंगदाण्याची फाक, सासूच्या हातची. मग चार महिन्यांचं सगळं पुसलं जाईल. तिला स्वतःची किळस आली. पण ती किळसही जरा लांबून आली, रस्त्यापलीकडचा वास यावा तशी, आणि हलकं वाटणं मात्र इथंच, छातीत होतं. लहान हाय म्हणून अर्धाच दिला. म्हातारीनं तिचंच वाक्य उचलून बोलावं तसं ते वाक्य खोलीत पडून राहिलं होतं.

“मी पुण्याला बोलते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इथं ती सोय नाही. तिथं भूल देऊन बारीक दुर्बीण श्वासनळीत घालून बघतात. अडकलेलं असलं तर काढतात. तीनच्या सुमाराला गाडी येईल. तुम्ही दोघं सही करून ठेवा.”

भूल. एवढ्याशा धापेला भूल. सारिकाला ते शब्द कळले, पण त्यांचा अर्थ टप्प्याटप्प्यानं तिच्यात उतरत गेला. तेजल आता तिच्या मांडीवर होती. कैलास कागद आणायला गेला होता. वाफेनं ओले झालेले केस कपाळाला चिकटले होते. डोळे अर्धे मिटलेले. डोकं छातीला लावलं की आतली शीळ सारिकाच्या हाडांत वाजायची. ही शीळ तिच्या ओळखीची होती. आश्विनात, भात कापणीला आलं तेव्हा, पहाटे ही शीळ येऊ लागली होती, आणि ती उठून उशी उंच करायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि स्वतःला सांगायची, हवा बदलतेय, सगळ्याच मुलांना होतंय. एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं का? आलं होतं. एकदा संध्याकाळी पंप हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली होती. आणखी एकदा दाबू का? तेजल मास्कखाली किंचाळत होती, हातपाय झाडत होती, सरूबाई म्हणत होत्या, नको गं छळू लेकराला. आणि तिनं ठेवून दिला होता. दोन द्यायचे ठरवलं असतं तर आजवर एक का दिला हे स्वतःला सांगावं लागलं असतं. एका पफची ती गोष्ट राहिलीच नव्हती. अकरा वर्षांच्या बाईला अमुक एक माहीत नव्हतं, हे मान्य करायची गोष्ट होती ती. आणि ते मान्य करायला घरात, गावात, स्वतःच्या डोक्यातसुद्धा तिला कुठं जागा दिसत नव्हती.

दीडच्या सुमाराला डॉक्टरबाई पुन्हा तपासायला आल्या. स्टेथोस्कोप पुढं लावला, मागं लावला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आकडा आता त्र्याण्णव झाला होता. सरूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कैलास खिडकीत.

“मॅडम,” सारिका म्हणाली. आपला आवाज आपल्याला परका वाटतोय हे तिच्या लक्षात आलं. “एक विचारू? मोठ्या माणसाला दोन पफ आणि एवढ्याशा बाळालाही दोनच, हे कसं?”

डॉक्टरबाईंनी कानातून नळ्या काढल्या. प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “सगळेच विचारतात. विचारतात ते बरं. बाकीचे मनातच ठेवतात. पोटात द्यायचं औषध आपण वजनावर देतो, बरोबर? ते सगळंच्या सगळं पोटात जातं. हे तसं नाही. पंपातून जेवढं निघतं त्यातलं कितीतरी नळीच्या भिंतीला चिकटतं, मास्कमध्ये राहतं, नाकात आणि घशात अडकतं. तुम्ही एक श्वास घेता तेव्हा मोठा तांब्याभर हवा आत जाते असं समजा. हिच्या श्वासाला अर्धी वाटी. म्हणजे त्या नळीतलं औषध ती तिच्या मापानंच घेते. छातीपर्यंत पोचतं ते थेंबभर. वयाप्रमाणं कमी करायचं काम तिचा श्वास आधीच करत असतो. आपण वरून आणखी कमी करायचं नसतं. अर्धं दिलं, तर त्या थेंबाचाही अर्धा. आणि मूल रडत असताना दिलं, तर तेवढंही नाही. रडताना श्वास बाहेर फेकला जातो.”

“रडताना नाही जात?”

“जवळजवळ नाहीच. शांत असताना, खेळवत, मांडीवर घेऊन द्यायचं. मोठी झाली की मास्क काढून नळी तोंडात धरता येईल, मग जास्त पोचेल; तेव्हा आपण माप पुन्हा बघतो. दर वेळी बघतो. वाढीचीही काळजी घेतो, उंची मोजतो.” त्यांनी तेजलच्या पायावरून बोट फिरवलं. “पण तुम्ही तर दोन देतच होता.”

चार महिने. रोज दोनदा. किंचाळणाऱ्या मुलीचे हात दाबून धरून एक पफ. म्हणजे काहीच नाही. चार महिने तिनं आपल्या लेकीला औषधाच्या नावानं फक्त छळलं होतं. आणि मग, हे अजून नीट आत उतरायच्या आधीच, दुसरं काहीतरी त्याच्यामागून आलं. सार्थक. गावातल्या पायलचा मुलगा, साडेतीन वर्षांचा, गेल्या महिन्यात त्यालाही तळेगावच्या त्याच डॉक्टरांनी तोच पंप लिहून दिला होता. पायल अंगणवाडीच्या पायरीवर उभी राहून विचारत होती, बाई, दोन लिहिलेत, देऊ का? आणि सारिकानं पोषण आहाराची पातेली घासता घासता, मागं वळूनही न बघता सांगितलं होतं, अगं लहान आहे तो, एक पुरे. तेजूला मी एकच देते. पायलनं मान हलवली होती. पायल म्हणजे शालूबाईंची सून. त्यांच्या खळ्यावर याच आठवड्यात भाताची मळणी होती. सकाळी गाडी पकडायला जाताना तिनं स्वतः पाहिलं होतं, मशीन येऊन उभं होतं, पेंढ्यांचे ढीग लागले होते. मळणीचा तो धुरळा, डोळ्यांत, नाकात, अंगाला खाज उठवणारा. त्यात ते पोर. एका पफवर.

“मॅडम, मी एकच देत होते,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंना कळलं नाही. “काय?”

“एक. दोन नाही. मी खोटं सांगितलं मघाशी. एक पफ सकाळी, एक संध्याकाळी. तोही ती रडत असताना. पहिल्यापासून.” मग तिला वाटलं एवढ्यानं भागणार नाही, आणि ती बोलत गेली, बापाचा पंप, अख्खी गोळी, अर्धी गोळी, वजन, सगळं एकात एक. मधेच ती म्हणाली, “दाण्याचं काही नाही. आईंचा काही दोष नाही,” आणि ते म्हटल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. खोलीत नेब्युलायझरची घरघर तेवढी होती. कैलास खिडकीतून वळला होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखादं माणूस रस्त्यात ओळखीचं वाटावं आणि जवळ गेल्यावर ते भलतंच निघावं, तसा तो बघत होता.

डॉक्टरबाईंनी कागदावरचा दोनचा आकडा खोडला. “हे सकाळी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मग त्यांनी पुन्हा सगळी छाती ऐकली, पुष्कळ वेळ. “दोन्ही बाजूंना सारखाच आवाज आहे. वाफेनं फरक पडतोय. अडकलेलं असतं तर सहसा एका बाजूला वेगळं ऐकू येतं. पुण्याची घाई आता करत नाही. इथंच ठेवू, दर तासाला बघू. बिघडलं तर पाठवूच.” दाराशी जाऊन त्या थांबल्या. “तुम्ही अंगणवाडीत आहात ना? तुमच्याकडं आणखी कोणी विचारायला येतं का, अशा औषधांचं?”

“येतात,” सारिका म्हणाली.

तिनं पायलला फोन लावला. वाजला, वाजून थांबला. पुन्हा लावला. पाच वेळा. मळणीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मग व्हॉट्सॲपवर लिहिलं, सार्थकला दोनच दे, मी चुकीचं सांगितलं होतं. त्याच्यापुढं एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. मदतनीस अंबूबाईंचा फोन बंद. सारिका व्हरांड्यात येरझारा घालू लागली. खाली रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या एकामागं एक चिकटून उभ्या होत्या, कुणीतरी हसत होतं, कुणीतरी मक्याचं कणीस भाजून मागत होतं. काहीच झालं नसेल. आत्ता या क्षणी होत असेल. गप्प बसला असेल सार्थक, आणि सगळे म्हणत असतील किती गुणी आहे.

ती आत आली तेव्हा सरूबाई स्टुलावरून उठून पलंगापाशी आल्या होत्या. तेजल झोपली होती. कैलास बाहेर गेला होता. सारिकानं काय ते सांगितलं, पायलचं, सार्थकचं. म्हातारीनं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. सारिकाला वाटलं, आता बोलेल. सकाळपासूनचं सगळं बोलेल. बोलू दे.

“मग हितं काय करतीयास?” सरूबाई म्हणाल्या. “जा की. म्या हाय हिच्यापाशी.”

“आई, मघाशी…”

“ते ऱ्हाऊ दे आता. त्याचं मागनं बघू. माझं काय जायाचं ऱ्हायलंय.” त्यांनी तेजलच्या अंगावरची चादर सारखी केली आणि सारिकाकडे पाहिलं नाही. “दुसऱ्याचं लेकरू हाय ते. जा.”

घोरावाडी स्टेशनवर ती लोकलमधून उतरली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाडीत ती सगळा वेळ दाराशी उभीच होती. मळवली, कामशेत, कान्हे, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की ती बाहेर डोकावून स्टेशनचं नाव वाचायची. मधे एकदा कैलासचा निरोप आला, पंच्याण्णव. फक्त आकडा. तिनं तो चार वेळा वाचला. रिक्षावाल्याला ती परंदवडी म्हणाली आणि रस्ताभर त्याच्या खांद्यापलीकडे बघत राहिली. तिला आठवत होतं ते भलतंच: नोकरी लागली तेव्हा याच शालूबाई वर्षभर नातीला अंगणवाडीत पाठवत नव्हत्या, वस्तीतली बाई काय शिजवणार म्हणून, आणि मग एक दिवस स्वतःच येऊन दाराशी बसल्या होत्या, आणि म्हणाल्या होत्या, पोरीचं वजन घ्या. तो भरवसा मिळवायला तिला एक वर्ष लागलं होतं. आज त्याच घरात ती काय घेऊन चालली होती?

खळ्यावर मशीन चालू होतं. धुरळ्याचा पिवळा लोट घरापर्यंत गेला होता, आंब्याच्या झाडावर बसला होता, त्यातून माणसं तोंडाला फडकी बांधून हलताना दिसत होती. सार्थक कुठंच नव्हता. त्याची तीनचाकी सायकल पेंढ्यांजवळ आडवी पडलेली. सारिका धावली. तिच्या नाकातोंडात तूस गेलं, ठसका लागला, पांढऱ्या साडीचा काठ मशीनच्या पट्ट्याजवळून गेला आणि कुणीतरी ओरडलं. घराचं दार बंद होतं. तिनं दोन्ही हातांनी ते ठोकलं.

दार पायलनं उघडलं. हाताला पीठ. “बाई? तुमी लोणावळ्याला गेलतात ना?”

“सार्थक कुठाय?”

“हितंच. आत.” खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या होत्या, आणि त्या अंधाऱ्या गारव्यात सार्थक जमिनीवर पालथा पडून खडूनं फरशीवर बैल काढत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा बैलाच्या शिंगाला लागला. सारिका त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली. त्याचा सदरा वर केला. पोट सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं. तिनं कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. नुसता श्वास.

“पायल, त्याला दोन दे. दोन पफ. मी चुकीचं सांगितलं तुला. लहान असला तरी दोनच द्यायचे असतात, मला माहीत नव्हतं. तेजूला ॲडमिट केलंय. मी…”

“अगंबाई! तेजूला? कशीय ती?”

“बरी आहे. होईल बरी. तू आधी ह्याला दे.”

पायल ओढणीला हात पुसत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी होती, मग अवघडलेपण आलं. “बाई,” ती म्हणाली, “म्या दोनच देतीय. पहिल्यापासनं.”

सारिकानं सार्थकचा सदरा खाली ओढला.

“तुमी सांगितलं त्या दिवशी घरी आले अन् डॉक्टरांना फोनच लावला. म्हणलं, अंगणवाडीच्या बाई अशा म्हणत्यात. ते म्हणाले, न्हाई, दोनच द्या, अन् मळणीला त्याला बाहेर सोडू नका. तुमाला सांगणार व्हते. पण तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाई बोलले. तुमी एवढ्या शिकलेल्या.” ती थांबली. “मला वाटलं, तुमीबी त्यांना विचारलंच असंल.”

एक फोन. तेवीस वर्षांच्या, आठवी शिकलेल्या पोरीनं केलेला एक फोन. आपण सांगतो तेव्हा माणसं मान हलवतात, हे सारिकाला माहीत होतं. त्या हलण्याचा अर्थ तिला कधी माहीतच नव्हता. तिला हसू यायला हवं होतं, सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतही होतं, पण ते सुटणं इतकं मोठं होतं की त्यात तिचं सगळंच सुटत गेलं, हात, मान, जबडा, सकाळपासून आवळून धरलेलं सगळं. ती तिथंच फरशीवर, अर्ध्या काढलेल्या बैलावर बसली, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. सार्थक घाबरून आईच्या पायाशी गेला.

बाहेर मशीन थांबलं. शालूबाई आत आल्या, डोक्यापासून पायापर्यंत तुसानं पिवळ्या, भुवयांवरही तूस. त्यांनी जमिनीवरची सारिका पाहिली, तिच्या अंगावरची पांढरी साडी पाहिली, आणि त्यांचा हात छातीवर गेला.

“काय झालं गं? कोण गेलं?”

“कुणी न्हाई, आत्याबाई,” पायल म्हणाली. ती सारिकाच्या शेजारी खाली बसली होती आणि पिठाचा हात तिच्या पाठीवरून फिरवत होती. “कुणीच न्हाई गेलं. रडू द्या त्यास्नी.”